पोटावर भिवंडी, पाठीवर पडघा

तुमची मुलगी नाहीतर मुलगा बी.एस्सी. करतोय ना? मग मला सांगा, कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याने आजवर स्वतःच्या हाताने कुठलं यंत्र चालू केलं? नाव सांगा. 'प्रॅक्टिकल असतात की' हे उत्तर नको, ते मला तोंडपाठ आहे. हवं तर आत जाऊन विचारून या, मी थांबतो.

माझ्या भाचीला, रुबीनाला, मी हेच विचारलं. ती भिवंडीतल्या एका कॉलेजात फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला. म्हणाली, "मामू, आम्ही जर्नल लिहितो."

"लिहिता म्हणजे? प्रयोग कोण करतं?"

"प्रयोग वरच्या वर्गाच्या जर्नलमध्ये असतो. आम्ही उतरवून काढतो. त्यांनी त्यांच्या वरच्यांचा उतरवलेला."

म्हणजे कधीकाळी एका पोराने कसला तरी आकडा चुकवला असेल, तर ती चूक आता त्या कॉलेजची परंपरा आहे. दरवर्षी तिच्यावर सही होते, मार्क पडतात.

मी हसन. यंत्रमागावरच्या कामगारांना शॉक लागला, हात अडकला, की लोक मला बोलावतात, एवढीच माझी ओळख. शाळा आठवीत सुटली. पुढचं जे काही शिकलो ते रद्दीच्या दुकानात उभं राहून. त्यामुळे कॉलेजच्या गेटची मला भीती वाटत नाही, आणि आत बसलेल्या साहेबांचं कौतुकही वाटत नाही. पण आज मी माझ्याबद्दल लिहीत नाही. रुबीनाच्या मॅडमबद्दल लिहितोय. क्षितिजा तरे.

ही बाई थोर वगैरे नाही, आधीच सांगतो. ती पोरांवर ओरडते. फळ्यावरचं तिचं अक्षर तिलाच लागत नाही. माझ्याशी तर ती पहिल्या भेटीतच भांडली. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही लोक शिकवत नाही. ती म्हणाली, "तुम्ही लोक म्हणजे कोण? नाव घेऊन बोला. माझं नाव घेतलंत तर उत्तर देते, दुसऱ्याचं घेतलंत तर त्याच्याकडे जा." तेव्हापासून आमचं जमतं.

ती मानकोलीची, आगरी घरातली. वडील पंढरी तरे, आई हौसा. तिच्या जन्माच्या वेळी घरामागे भाताची खाचरं होती. ती शाळेत जाईपर्यंत तिथे गोडाऊनचे पत्रे उभे राहिले आणि घरासमोरच्या रस्त्यावर ट्रकांची रांग कायमची लागली. जेवताना ताटाशेजारचा पाण्याचा पेला थरथरायचा. आपण काय करतो? पेला धरतो. ही पोरगी पेल्याकडे बघत बसायची. एक दिवस बापाला म्हणाली, "बाबा, भरलेला ट्रक जातो तवा पानी कमी हलतं, रिकामा गेला का जास्त. असं कसं?"

पंढरीशेट म्हणाले, "ट्रक हाय, हलनारच. गप जेव."

ती गप जेवली, पण दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुजींना विचारलं. गुरुजी चांगले होते. त्यांनी तिला पट्टी टेबलाच्या कडेला दाबून वाजवून दाखवली, लांब पट्टी, आखूड पट्टी. म्हणाले, प्रत्येक वस्तूची हलायची आपली एक चाल असते. एवढ्यावर ती फिजिक्सला गेली. अख्ख्या गावाने विचारलं, त्याचं पुढे काय होतं? त्याचं उत्तर तिला आजही देता येत नाही, आणि तिचा निम्मा राग तिथलाच आहे.

बी.एस्सी. झाली, एम.एस्सी.ला ठाण्याच्या पलीकडे गेली. तिथे परीक्षेत तिच्यापुढे ऑसिलोस्कोप ठेवला. हे छोट्या टीव्हीसारखं यंत्र. तारेतून येणारी वीज त्याच्या पडद्यावर रेषेसारखी धावताना दिसते. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, चालू करा आणि लाट पडद्यावर स्थिर करून दाखवा. क्षितिजाने त्या यंत्राची आकृती पाच वर्षांत कितीदा काढली होती, प्रत्येक भागाला नाव देऊन. पण चालू करायचं बटण तिला सापडेना. परीक्षकांनीच हात पुढे करून ते दाबलं. मार्क चांगले पडले तिला. ते मार्क तिला अजून टोचतात.

मग ती भिवंडीच्या या कॉलेजात लागली. लागली म्हणजे तासिका तत्त्वावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: शिकवलेल्या तासाचे पैसे, सुट्टी लागली की तुम्ही कुणी नाही, आणि दर जूनमध्ये नव्याने मुलाखत, जशी काय आजच ओळख झाली. पंढरीशेटचं म्हणणं, "एम.एस्सी. केलंस आन् तासावर राबतेस. आपल्या गोडाऊनचा वॉचमन बरा, त्याला म्हैना तरी पुरा मिलतो." यावर क्षितिजा भाकरीचा तुकडा मोडते. बापाशी ती भांडत नाही. बाकी सगळ्यांशी भांडते.

पहिल्याच आठवड्यात ती पोरांना घेऊन प्रयोगशाळेत गेली. कपाटं काचेची, आत फक्त वर्तमानपत्र अंथरलेलं. कमळताई नावाच्या तिथल्या शिपाईबाई आहेत, त्यांना विचारलं, "सामान कुठे?"

"बाहेर गेलंय मॅडम."

"बाहेर म्हणजे? दुरुस्तीला?"

"न्हाय. बाहेर. कमिटीला येतंय ना परत."

उत्तर घरी मिळालं. तिचा धाकटा भाऊ प्रितेश टेम्पो चालवतो. मानकोलीत ज्याच्याकडे टेम्पो नाही त्याच्याकडे दोन असतात. दुपारी जेवताना ती कपाटांबद्दल चिडून बोलत होती, तर हा म्हणतो, "ती खोकी? ती मीच नेतो की ताई. कमिटी भिवंडीला आली का पडघ्यावरून भिवंडीला, पडघ्याला आली का भिवंडीवरून पडघ्याला. गाद्या टाकून नेतो, काचेचा माल हाय."

आता समजलं? संस्था एक, कॉलेजं दोन. एक भिवंडीत, एक नाशिक रस्त्यावर पडघ्याला. विद्यापीठाची कमिटी तपासायला येते तेव्हा प्रयोगशाळेत यंत्रं दिसावी लागतात. म्हणून एकच सामान दोन्हीकडे फिरतं. कागदावर दोन प्रयोगशाळा. आमच्या भिवंडीला माल ठेवायची आणि हलवायची सवय आहे, सगळ्या देशाचा माल इथे येऊन पडतो आणि पुढे जातो. पण कॉलेजनेही गोडाऊन व्हावं?

गेल्या हिवाळ्यात कमिटीची तारीख आली. शुक्रवार. प्राचार्य डोंबिवलीहून येतात. त्यांनी शुक्रवार मुद्दाम मागून घेतला, कारण शुक्रवारी आमच्याकडे माग बंद असतात, रस्ते मोकळे, खडखडाट नाही, पाहुण्यांना शांतता. आणि शुक्रवारीच इथे दुरुस्तीच्या नावाने दिवसभर लाईट जाते. हे भिवंडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. इतकं ठाऊक आहे की कॉलेजातल्या क्लार्कपासून शिपायापर्यंत कुणाला ते प्राचार्यांना सांगावंसं वाटलं नाही. त्यांना वाटलं, साहेबांना माहीत असणारच.

सामान मंगळवारी आलं. क्षितिजा सरळ प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेली. रुबीना जर्नलवर सही घ्यायला तिथेच उभी होती, तिने मला शब्द न शब्द सांगितलाय.

"सर, आता यंत्रं आहेत तर पोरांना वापरू द्या. कमिटीसमोर तेच प्रयोग करून दाखवतील. कॉलेजचंच नाव होईल."

"फुटलं-तुटलं तर?"

"मी बघते. पण एक शब्द द्या. प्रयोग नीट झाले तर परीक्षा होईपर्यंत सामान इथेच राहील."

"बघू."

"बघू नको सर, हो म्हणा."

"बरं, हो."

मग ती म्हणाली, "आणि शुक्रवारी लाईट नसते." प्राचार्य म्हणाले, "जनरेटर आहे ना." तिने दोनदा विचारलं, जनरेटरची वायर प्रयोगशाळेपर्यंत येते का. ते म्हणाले, होईल.

ते दोन दिवस रुबीना घरी आली की तिचं तोंड बंद होत नव्हतं. कॉलेजच्या भिंतीला लागूनच माग आहेत. त्या पोरांनी बझरमधली पितळी चकती काढून भिंतीला चिकटवली आणि तिच्या वायरी ऑसिलोस्कोपला जोडल्या. पलीकडे मागाचा ठोका पडला की पडद्यावरची रेष उडी मारायची. ठोका, उडी. ठोका, उडी. दोन माग एका तालात आले की उडी मोठी, ताल सुटला की लहान. रुबीना म्हणाली, "मामू, हा आवाज मी पाळण्यापासून ऐकतेय. आज पहिल्यांदा बघितला." तिच्या वर्गातला देवेश तर त्याच मागांवर शिफ्ट करून कॉलेजला येतो. तो पडद्यासमोरून हलेना. दुसऱ्याला जागा दे म्हटलं तर म्हणाला, "रोज मी त्याच्यासमोर उभा राहतो, आज तो माझ्यासमोर आहे. थांबा जरा."

मला विचारा, विज्ञानाची गोडी कशी लावायची यावर किती परिषदा भरतात? एसी हॉल, पुष्पगुच्छ, मोठमोठे शब्द. इथे एक चकती आणि एक चालू यंत्र पुरलं. यंत्र चालू मात्र पाहिजे.

शुक्रवारी मलाही बोलावणं होतं, मामा असून पालक प्रतिनिधी म्हणून. कॉलेजला मराठीत चार वाक्यं धड बोलणारा पालक हवा होता, कमळताईंनी माझं नाव सुचवलं. गेटवरच क्षितिजाने मला बाजूला घेतलं. "हसनभाई, आज तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. त्यांनी मला शब्द दिलाय. तुम्ही तोंड उघडलंत तर त्यांना निमित्त मिळेल."

"मी काय, मुका बसू?"

"हो."

बसलो. रुबीनाची शपथ घातली होती तिने.

दहा वाजता लाईट गेली. जनरेटर सुरू झाला. हॉलमधले पंखे फिरले, माईक वाजला, प्राचार्यांच्या केबिनचा एसी गुरगुरला. प्रयोगशाळा अंधारात. वायर तिथपर्यंत नव्हतीच. क्षितिजा धावत खाली आली, "सर, हॉलमधून एक एक्स्टेन्शन द्या, मी पोरांकडून ओढून घेते." प्राचार्य दातांतल्या दातांत म्हणाले, "मॅडम, कमिटी फक्त बघणार आहे. बघायला लाईट कशाला लागते?"

आणि खरंच लागली नाही, साहेब. मी डोळ्यांनी पाहिलं. कमिटी आली, मोबाईलचा टॉर्च लावला. कपाटावर उजेड, टेबलावर उजेड, यंत्रावर उजेड. 'सेट पूर्ण आहेत, छान.' पोरं एप्रन घालून बंद यंत्रांपुढे उभी, जशी दुकानात बाहुली उभी करतात. माग बंद, त्यामुळे भिंतही गप्प. क्षितिजा म्हणाली, "सर, संध्याकाळी लाईट येईल. तुम्ही थांबाल का? नाहीतर उद्या सकाळी या. हे विद्यार्थी प्रयोग करून दाखवतील." अध्यक्ष सज्जन माणूस, हसून म्हणाले, "मॅडम, तुमची तळमळ समजते. पण आम्हाला पुढेही जायचंय."

त्यांच्यातल्या एका वयस्कर प्राध्यापकांनी रुबीनाला विचारलं, "बेटा, हे चालवता येतं का तुला?"

"हो सर."

"कधीपासून?"

रुबीनाने खरं सांगितलं. "परवापासून."

सगळे हसले. त्यांना वाटलं पोरगी मिश्कील आहे. तेही हसत हसत पुढच्या खोलीत गेले. मी दाराशी उभा होतो, दात आवळून. माझी मूठ खिशात होती आणि ती खिशातच ठेवायला मला काय लागलं ते मलाच माहीत. हॉलमध्ये मला विचारलं, पालक म्हणून समाधानी आहात? मी म्हटलं, "चहा चांगला होता." एवढंच बोललो. दिलेला शब्द पाळला.

कॉलेजने पाळला नाही. कमिटीची गाडी गेटबाहेर पडली आणि तासाभरात प्रितेशचा टेम्पो आत आला. बहिणीला बघून तो गाडीतून उतरेना. प्राचार्य म्हणाले, पडघ्याला सोमवारी दुसरी कमिटी आहे.

"तुम्ही हो म्हणाला होतात."

"प्रयोग नीट झाले तर, असं ठरलं होतं मॅडम. प्रयोग झाले का?"

मी आजवर पुष्कळ चलाख माणसं पाहिली. मालक पाहिले, ठेकेदार पाहिले. पण स्वतः लाईट द्यायची नाही आणि मग दिवा का लागला नाही म्हणून विचारायचं, हे शिकायला कॉलेजातच जावं लागतं.

क्षितिजा रडली नाही. तिने पोरांकडे वळून विचारलं, "सामान पडघ्याला चाललंय. कोण कोण येतंय?"

देवेश आधी टेम्पोवर चढला. प्रितेश खिडकीतून म्हणाला, "ताई, गाडीचं पासिंग मालाचं हाय, मानसांचं न्हाय. पोलीस धरल मला." मग पोरं कुणी बसने, कुणी बाईकवर, पाच-सहा एका रिक्षात. मी पुढे प्रितेशच्या शेजारी. वाटभर तो मला सांगत होता, "लहानपनी माझी सायकल खोलून ठेवली होती हिने. जोडली पन हिनेच. पन तीन दिवस मी चालत शालेत गेलो."

पडघ्याच्या कॉलेजात आम्हाला बघून एक तरुण बाई पायऱ्या उतरून आल्या. मेघाली नाव, तिथल्या फिजिक्सच्या तासिकेवरच्या मॅडम. खोकी उतरवायला पोरांचे हात लागले तशा त्या घाईने म्हणाल्या, "जपून हं, ते भिवंडीचं सामान आहे. आम्ही हातही लावत नाही. फुटलं तर भरून द्यावं लागेल असं सांगितलंय."

क्षितिजा जागच्या जागी थांबली. "भिवंडीचं? आम्हाला सांगतात पडघ्याचं आहे, हात लावू नका."

मग क्षितिजाने स्पेक्ट्रोमीटरचं खोकं उघडलं, त्या दुर्बिणीसारख्या यंत्राला आडवं केलं. पोटावर पांढऱ्या रंगात भिवंडीचा नंबर. पाठीवर पिवळ्या रंगात पडघ्याचा. मेघाली मॅडमना हसू आलं, आणि मग ते थांबेना. पोरंही हसली. मला काही हसू आलं नाही. दोन गावांची पोरं, दोघांची यंत्रं, आणि दोघांनाही 'हे दुसऱ्याचं आहे' सांगून वर्षानुवर्षं बाजूला ठेवलेलं.

त्या दिवशी पडघ्याला लाईट होती. कपाटात ठेवायच्या आधी सगळी यंत्रं टेबलावर लागली. सोडियमचा दिवा आधी गुलाबी पेटला, मग हळूहळू पिवळाजर्द. भिवंडीच्या पोरांनी पडघ्याच्या पोरांना ऑसिलोस्कोप दाखवला. शिकवायला जे लागतं ते यांच्याकडे दोनच दिवसांचं होतं, पण तेवढं त्यांनी दिलं.

मग ते सुरू झालं. दर शुक्रवारी. भिवंडीत माग बंद, म्हणजे देवेशसारख्यांना सुट्टी. मुसलमान पोरं नमाज आटोपून निघायची. आणि पडघ्याला लाईट असते. दोन कॉलेजांचा एकच वर्ग, दोन मॅडम, एकच सामान, आणि ते उघडं. हौसाबाई तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी पाठवायच्या. एकदा पंढरीशेट स्वतः डबा घेऊन आले. पोरीने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि चकतीवर टिचकी मारायला लावली. रेष उडाली. म्हाताऱ्याने पुन्हा टिचकी मारली. "हे कशाला लागतं?" विचारलं त्यांनी. क्षितिजा म्हणाली, "बाबा, पूल कुठे हलतो, मोटार कधी जळणार, सगळं आधी कळतं यातून." म्हातारा जरा विचार करून म्हणाला, "मंग हे कालेजात लपवून कशाला ठेवलंय? कारखान्यात लावा."

बापाला कळलं ते संस्थेला कळलं नाही. चौथ्या-पाचव्या शुक्रवारी देवेशच्या हातून एक लोलक पडला आणि त्याचा टवका उडाला. प्रिझम हो, काचेचा तिकोनी ठोकळा. पोरगं पांढरं पडलं. क्षितिजाने टवका उचलला, म्हणाली, "ठीक आहे. आता तुला कळलं ना तो कुठून धरायचा?" एवढंच. पण बातमी गेली. सोमवारी कपाटांना कुलूप आणि दोन्ही मॅडमना पत्र: विनापरवानगी उपकरणे हाताळून संस्थेच्या मालमत्तेचे नुकसान केले. शुक्रवारचा वर्ग बंद.

मी आणि क्षितिजा विद्यापीठाच्या कचेरीत गेलो, पोरांच्या सह्यांचा अर्ज घेऊन. तिथल्या बाबूने अर्ज वाचला, मग कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "तक्रार नेमकी काय आहे? सामान नाही ही?"

"आहे," क्षितिजा म्हणाली. "पण दोन्हीकडे एकच आहे."

"इथे दोन्हीकडे वेगवेगळं दाखवतंय."

"ते तसं दाखवतंय हीच तक्रार आहे."

"मॅडम, सामान आहे म्हणून तक्रार कशी घेऊ मी?"

मी टेबलावर हात आपटणार होतो. क्षितिजाने माझी बाही धरली. जिना उतरताना मात्र तीच बोलत सुटली. पायरीगणिक आवाज चढत होता. "यांनी एकदा तरी विचारावं, यंदा तुमच्याकडे काय काय फुटलं? ज्या प्रयोगशाळेत वर्षभर एक नळीसुद्धा फुटत नाही, तिथे कुणी शिकत नाही. तिची मान्यता काढा. आणि जिथे फुटतं, तिथे नवीन द्या."

मी आयुष्यभर मोर्च्यांत घोषणा ऐकल्या. इतकी सरळ मागणी ऐकली नाही. म्हणून विद्यापीठाच्या साहेबांनो, तुम्ही हे वाचत असाल तर ऐका, आणि नसाल वाचत तरी ऐका. नवं धोरण आलं, चार वर्षांची पदवी आली, कौशल्य कौशल्य म्हणून तुम्ही घसा कोरडा केलात. तारीख न कळवता या. कामाच्या दिवशी या. कपाट बघू नका, पोरांना म्हणा, चालू करून दाखव. लाईट नसेल तर लाईट येईपर्यंत बसा, आमची पोरं तीन-तीन वर्षं बसतात. दोन कॉलेजांत एकच यंत्र असेल तर असू द्या, गरिबीची लाज नको, लपवण्याची लाज बाळगा. त्याला सामाईक प्रयोगशाळा म्हणा, वेळापत्रक करा, पोरांच्या येण्याजाण्याची बस द्या. आणि शिकवणाऱ्या बाईला तासावर ठेवू नका. जिला जूनमध्ये आपण असू की नाही हे माहीत नाही, ती कपाटाची चावी मागायला किती दिवस भांडेल?

क्षितिजा अजून भांडतेय. पण आता वेळ थोडा आहे. येत्या मंगळवारी सकाळी संस्थेच्या व्यवस्थापन समितीची बैठक भिवंडीच्या कॉलेजात आहे. तिच्या आणि मेघाली मॅडमच्या तासिका पुढच्या वर्षी ठेवायच्या की नाही, आणि शुक्रवारचा वर्ग पुन्हा उघडायचा की कायमचा बंद, हे दोन्ही त्याच बैठकीत ठरणार. आतून मला कळलंय ते चांगलं नाही. एक सभासद म्हणाले म्हणे, पालकांची काही मागणी तर आलेली नाही, मग आपण कशाला डोकं लावायचं?

त्यांचं हे एक वाक्य मात्र खरं आहे. आली नाही. कमिटीच्या दिवशी पालक म्हणून मी एकटा होतो, आणि मीही चहाबद्दल बोललो.

क्षितिजाला मी हे लिहितोय असं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माझं नाव मोठं करू नका, पोरांच्या परीक्षा आहेत तेवढं लिहा." म्हणून तेवढंच मागतो. तुमचं पोर त्या दोन कॉलेजांत असो वा नसो, मंगळवारी सकाळी भिवंडीच्या कॉलेजच्या गेटवर या. मानकोलीहून या, कशेळीहून या, पडघ्याहून या. घोषणा नकोत, बॅनर नको. बैठकीला जाणाऱ्या प्रत्येक सभासदाला थांबवा, नमस्कार करा आणि एवढंच म्हणा: मी पालक आहे, शुक्रवारचा वर्ग चालू करा, ही माझी मागणी.